अडीच वेढ्यांचा शंख

परत आल्यापासून शाळेतल्या बायका विचारताहेत, "कलकत्त्यात काय काय पाहिलंत?" कालीमातेचं दर्शन झालं का, व्हिक्टोरियाचा संगमरवर ताजमहालाच्या तोडीचा आहे का, भुयारी रेल्वेसाठी म्हणे सगळा चौरंगी रस्ता खणून ठेवला आहे, ते खरं का? मी भूगोल शिकवते, तेव्हा एवढ्या लांब जाऊन मी किमान एखादा नकाशा तरी घेऊन येईन अशी त्यांची अपेक्षा. खरं सांगायचं तर यातलं मी काहीच धड पाहिलेलं नाही. मी एक कान पाहून आले. तोही आतून. पण त्या कानापर्यंत पोचायला मधे एक अख्खं शहर लागलं. धुक्यात बुडालेलं, कोळशाच्या धुराचा वास येणारं, आणि आता आठवताना अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं वाटणारं. त्याचीच ही हकीकत.

कान माझ्या मुलीचा, उमाचा. उमा सहा वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नाही आणि म्हणून ती बोलत नाही. मात्र "अजिबात येत नाही" असं आमच्या नागपूरच्या घरात कुणी कुणाला म्हणू देत नसे. "थोडं येतं" हा आमचा घरगुती सिद्धान्त. मागून ताट वाजवलं की ती वळते, सासूबाईंनी पाठीमागून हाक मारली की बघते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? थोडं येत असेल तर यंत्र लावायचं आणि जूनमध्ये तिला माझ्याच शाळेत पहिलीत बसवायचं, असं मोठ्या बाईंशी माझं बोलणंही झालं होतं. त्यांची अट एकच. "थोडं ऐकू येतं" हे कुणीतरी मोठ्या डॉक्टरांनी सांगायला हवं. नाही तर मुक्याबहिऱ्यांची शाळा. ते नाव निघालं की आमच्याकडे पानावरचे हात थांबत.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कलकत्त्याला कानाचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नव्या तऱ्हेचं एक्स-रेचं यंत्र आहे. ते कानाच्या आतल्या हाडाचे थराथराने फोटो काढतं. आतला कान नीट घडलेला असेल तर पुढचं काही बोलता येईल. ह्यांना रजा मिळेना. मी म्हटलं, मी नेते. आपले लोक घोड्यावरून तिकडे गेले होते, मला मेलगाडीने जायला काय झालं?

बागबाजार

नागपूरच्या बाईने कलकत्त्याला संत्री नेऊ नयेत, हा तिथला पहिला धडा. करंडी सांभाळत, शेजारच्या प्रवाशांशी वाद घालत मी ती थेट बागबाजारपर्यंत नेली, आणि कुमुदताईच्या जेवणघरात पाऊल टाकते तो टेबलावर दार्जिलिंगच्या संत्र्यांचा ढीग. ताईच्या मुलांनी माझं एक सोलून खाल्लं, एकमेकांकडे पाहिलं आणि मोठ्या सौजन्याने म्हणाली, "मावशी, ही पण वाईट नाही."

कुमुदताई माझी मावसबहीण. भाऊजींचं घराणं तीन पिढ्या कलकत्त्यातलं. ते स्वतः कॉलेजात गणित शिकवतात आणि हिवाळाभर घरातसुद्धा माकडटोपी घालून बसतात. थंडी म्हणावी तर आमच्या नागपूरच्या थंडीची धाकटी बहीणसुद्धा नव्हे. मुलांचं मराठी गोड पण बंगालीच्या कडेकडेने चालणारं. "मावशी, तू चहा खाशील?" असं थोरलीने विचारलं तेव्हा मला हसू आवरेना. त्या घरात चहा खातात, पाणी खातात, आणि भाऊजी गच्चीवर जाऊन सिगारेटही खातात.

"इथूनच तो मराठ्यांचा खंदक सुरू व्हायचा बरं का," भाऊजींनी पहिल्याच संध्याकाळी गच्चीवरून कुठेतरी धुक्यात बोट दाखवलं. "आपण येऊ या भीतीने खणला. आपण काही आलो नाही. मग माझे आजोबा आले, काखेत वळकटी घेऊन, पोस्टात नोकरी करायला. अजून इकडच्या आया बर्गी, म्हणजे आपले घोडेस्वार, येतील म्हणून पोरांना भीती घालून झोपवतात."

"मग तुमची मुलं कशी झोपतात?" मी विचारलं.

"त्यांना मी गणित घालतो."

उमाला हे शहर आल्या आल्या आवडलं. पहाटे गल्लीत शेगड्या पेटायच्या, त्यांचा निळसर धूर धुक्यात मिसळायचा, आणि त्यातून माणसं हळूहळू उमटायची. आधी शाल, मग टोपी, मग हातातली पिशवी. उमा खिडकीच्या गजांना नाक लावून बसे. आमच्याकडे माणसं बोलतात ती तोंडाने. इथे भुवया, खांदे, बोटं सगळं बोलतं. मासळीबाजारात एका माशावरून भाऊजी आणि विकणारा यांचं जे भांडण झालं, ते उमाने नाटक पाहावं तसं उभं राहून पाहिलं. मला त्यातला शब्द कळला नाही. तिला सगळं कळलं असावं, कारण शेवटी मासा स्वस्तात गेला तेव्हा ती विकणाऱ्याकडे पाहून च् च् करावं तसं डोकं हलवत होती.

तोच मासा दुपारी पानात आला. ताईच्या घरात मासे कधीचेच शिरले आहेत. मी माझ्या वरणभातापाशी थांबले, पण उमाने ताईच्या ताटातला तुकडा उचलला, खाल्ला आणि आणखी मागितला. "हे सासूबाईंना कळता कामा नये," मी म्हटलं. "उमा थोडीच सांगणार आहे!" भाऊजी हसत म्हणाले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली. मग जेवण होईपर्यंत ते बिचारे तिला काटे काढून देत राहिले.

दिवेलागणीला घराघरांतून शंख वाजू लागले. एका गच्चीवर एक थांबला की पलीकडे दुसरा. ताईसुद्धा आता वाजवते. तिने शंख तोंडाला लावला तेव्हा उमा तिच्याकडे पाठ करून माझ्यासमोर बसली होती. शंख वाजला आणि उमा चटकन वळली.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "ऐकू येतं गं तिला!"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या रात्री मी जूनमधला गणवेशसुद्धा मनात शिवून टाकला.

आवाज न शिरणारी खोली

डॉक्टरांना सगळे नुसतं डाक्तारबाबू म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणते. वयस्क, धोतर नेसणारे, बोलताना टेबलावरची पेन्सिल सरळ करणारे. आमचं संभाषण त्यांचं हिंदी, माझं हिंदी आणि अडेल तिथे इंग्रजी अशा खिचडीत झालं. त्यांनी मला आधी कान समजावून सांगितला. पडदा, पडद्यामागची इवलीशी हाडं, आणि सगळ्यात आत कवटीच्या हाडात एक शंख. वाटाण्याएवढा, आत पाणी भरलेला. त्याला अडीच वेढे असतात. बाहेरचा आवाज त्या वेढ्यांवर पोचतो तेव्हा माणसाला ऐकू येतं.

"सगळ्यांना अडीचच?" मी विचारलं.

"राजाला आणि रिक्षावाल्याला," ते म्हणाले. "फोटोत आपण तो शंख पाहणार. पण आधी ही कितपत ऐकते ते बघू."

ते बघण्याचं काम बुलादीचं. बुला नावाची ही पन्नाशीची बाई बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत असे आणि आठवड्यातले काही दिवस इस्पितळात कान तपासायला येई. पांढरी सुती साडी, हातात शंखाच्या बांगड्या, पण कामाला बसताना त्या काढून पदरात बांधायची. किणकिण नको म्हणून. तिची खोली भिंतींना जाड गाद्या लावलेली होती. दार बंद झालं आणि बाहेरचं कलकत्ता एकदम नाहीसं झालं. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. माझाच श्वास मला परका वाटायला लागला. उमाला मात्र त्या खोलीत काहीच वेगळं वाटलं नाही. ती स्टुलावर बसून पाय हलवत होती.

मी उमाच्या समोर बसले. बुलादी तिच्या पाठीमागे उभी राहिली आणि तिने एक छोटा ढोल वाजवला. उमा वळली. मग घंटा. उमा वळली. मग खुळखुळा. उमा वळली! माझे डोळे भरून आले. मी बुलादीकडे पाहिलं, ती हसेल म्हणून. ती हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"दीदी," ती म्हणाली, "आता तुम्ही डोळे मिटा."

"मी? कशाला?"

"मिटा तर खरं. आणि मी सांगेपर्यंत उघडू नका. मान हलवायची नाही, हसायचं नाही."

मी डोळे मिटले. ढोल वाजला. थांबला. पुन्हा वाजला, जोरात. मग घंटा, अगदी कानठळ्या बसतील अशी. मी वाट पाहत होते की बुलादी म्हणेल, "वळली." ती काहीच म्हणेना. तेवढ्यात स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि दोन लहान बोटं माझ्या पापण्यांवर आली. उमा माझे डोळे उघडत होती. तिला वाटलं असावं, मला काहीतरी झालं. तिच्या पाठीमागे बुलादी अजून घंटा वाजवतच होती.

मग सगळं उलगडलं, आणि उलगडायला फार वेळही लागला नाही. सहा वर्षं आम्ही घरात हेच करत आलो होतो. एकाने मागून ताट वाजवायचं आणि बाकीच्यांनी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघायचं. ताट वाजलं की आमच्या भुवया वर जात, नजर मागे जाई, श्वास अडके. उमा ते बघून वळे. एक माणूस वाजवायला आणि घरदार बघायला, अशी परीक्षा फक्त आमच्यासारख्या माणसांच्या घरातच होऊ शकते. जिच्यावर प्रेम नाही तिच्याकडे कोण एवढं टक लावून बघणार?

"ती ऐकत नाही," बुलादी हलक्या आवाजात म्हणाली. "ती तुम्हाला वाचते. फार हुशार मुलगी आहे."

मला त्या बाईचा इतका राग आला की मी उमाचा स्वेटर उलटाच घातला आणि तशीच बाहेर पडले.

यंत्राखाली

तरी फोटो बाकी होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी म्हणजे ते यंत्र. खोलीभर पसरलेलं, दुधी रंगाचं. त्याचा लांब हात टेबलावर झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरून झोका घेत जायचा आणि प्रत्येक झोक्याला हाडाचा एक थर फोटोत उतरायचा. झोका चालू असताना डोकं तीळभर हलता कामा नये. मला शिशाचा जड अंगरखा घालून उमाचं डोकं धरायला उभं केलं. ती माझ्याकडे बघत पडून राहिली. मी तिच्याकडे बघून हसायचं एवढंच आमचं काम.

अर्धं झालं आणि वीज गेली. कलकत्त्यात हे रोजचंच. बाहेर कुणीतरी सवयीने "गेलो!" म्हणून ओरडलं, म्हणजे बंगालीत "गेली!" पण त्या खोलीला खिडकी नव्हती. काळाकुट्ट अंधार झाला, आणि त्या अंधारात उमा किंचाळली. मी "अगं, मी आहे, मी आहे" म्हणत राहिले, मग माझं मलाच कळलं की मी कुणाशी बोलते आहे. तिच्यासाठी दिवा गेला म्हणजे मीच गेले होते. मी तिचे दोन्ही हात घेतले आणि माझ्या तोंडावर ठेवले. तिने चाचपून पाहिलं. नाक, कुंकू, कानातली कुडी. मग मी हसले, आणि माझे गाल वर गेलेले तिला हाताला लागले. तिचं रडणं थांबलं. वीज येईपर्यंत आम्ही तशाच होतो. मला वाटतं त्या प्रवासात मी तिच्याशी नीट बोलले ते त्या अंधारात पहिल्यांदा.

उरलेले झोके वीज आल्यावर झाले. फोटो धुऊन मिळायला वेळ लागणार होता.

शंखवाल्यांची गल्ली

वाट बघण्याचे दिवस फार लांब असतात. ताई मला कुठे कुठे नेऊ बघे. ट्रामच्या पुढच्या डब्यात बसवून तिने मला गंमत म्हणून पार शेवटच्या थांब्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. ट्राम इतकी सावकाश जाते की धुक्यातून ती जाते आहे का शहरच मागे सरकतं आहे ते कळत नाही. खजुराच्या नव्या गुळाचा संदेश खाल्ला. तो तोंडात ठेवला की विरघळतो आणि मागे धुरासारखा एक वास राहतो. आपल्याकडच्या पेढ्याला हे जमणार नाही, हे नागपूरच्या अभिमानाला बाजूला ठेवून कबूल करते.

एका सकाळी बांगड्या घ्यायच्या म्हणून ताई आम्हाला घराजवळच्याच एका गल्लीत घेऊन गेली. तिथे शंख कापून बायकांच्या बांगड्या करतात. सौभाग्याची खूण म्हणून आपण हिरवा चुडा भरतो, तशी त्यांची ही पांढरी बांगडी. उघड्या ओटीवर एक कारागीर पायाने शंख दाबून धरून करवतीने कापत होता. पांढरी भुकटी उडत होती, त्याच्या भुवयांवर, केसांवर, समोरच्या गटारावर. आणि त्याच्या बाजूला कापलेल्या शंखांची अर्धुकं पडली होती. आतले वेढे उघडे.

मी तिथेच बसकण मारली. एकेक अर्धुक हातात घेऊन वेढ्यांवरून बोट फिरवत राहिले. ते आतआत जात, लहान होत, गुळगुळीत होत कुठेतरी नाहीसे होत. बाहेरून ओबडधोबड आणि आत एवढं नाजूक काम. उमाच्या डोक्यात हेच आहे, वाटाण्याएवढं, या विचाराने माझं मन भरून आलं. असायलाच हवं. बाहेरून तिचे कान किती सुरेख आहेत.

कारागिराने एक शंख कापला, आत पाहिलं आणि बाजूच्या ढिगात फेकला. ताईने विचारलं, तो का टाकला? आतून किडीने खाल्लेला, तो बंगालीत म्हणाला. बाहेरून कळत नाही. वाया गेला.

आणि मी त्या बिचाऱ्यावर तडकले. चक्क मराठीत. "वाया गेला म्हणजे काय? बघितलंत तरी का नीट? एका नजरेत फेकून मोकळे!" तो माणूस करवत हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. ताईने माझा दंड धरला. उमा माझ्या तोंडाकडे बघून त्याच्याकडे वळली आणि तिनेही त्याच्यावर डोळे वटारले. आईचं भांडण ते आपलं भांडण. तेवढ्यात मला हुंदका फुटला. तो कारागीर उठला, आतून बसायचा वेताचा मोढा आणला आणि हाताने बसा म्हणाला. आपल्याकडे एखादी अनोळखी बाई रस्त्यात रडायला लागली तर माणसं आधी चौकशी करतात आणि मग बसायला देतात. इथे आधी बसायला दिलं, आणि चौकशी कुणी केलीच नाही.

उजेडावर धरलेला फोटो

डाक्तारबाबूंनी दोन फोटो उजेडाच्या पेटीवर लावले. एक कुणा दुसऱ्याचा, एक उमाचा. पहिल्यात त्यांनी पेन्सिलीने वेढे दाखवले. एक, दोन, आणि अर्धा. मग पेन्सिल उमाच्या फोटोवर आली. एक वेढा झाला आणि पुढे नुसती पोकळी. घडत घडत मधेच थांबलेली. दुसरा कानही तसाच.

"अजून वाढेल?" मी विचारलं. मूर्खपणाचा प्रश्न होता, पण तोच आला.

"नाही. हे पोटात असतानाच घडतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात."

मग मी सहा वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. उमाच्या वेळी ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती. सासूबाईंनी बजावलं होतं, तरी चिरली. मी शिकलेली बाई, सूर्य-चंद्र-पृथ्वी फळ्यावर काढून दाखवणारी. तरी रात्री कुशीवर वळले की ती विळी आठवायचीच.

डाक्तारबाबू हसले नाहीत. "कितवा महिना होता?"

"पाचवा."

"मग त्याच्या आधीच हे होऊन गेलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही भाजी चिरलीत तेव्हा शंख जेवढा घडायचा तेवढा घडून थांबला होता. का थांबला ते मला माहीत नाही. कुणालाच नाही. पण तुमची विळी तिथे पोचलेली नाही."

मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं आणि त्याच वेळी इतकं वाईट, की दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते मला आजही सांगता येत नाही.

ऐकायच्या यंत्राचं विचारलं. छातीवर बांधायची पेटी आणि कानात बोंडं, ती लावून बघा म्हणाले. ट्रामची घंटा कदाचित धक्क्यासारखी कळेल, बोलणं कळणार नाही. ऑपरेशन? त्यांनी पेन्सिल सरळ केली. परदेशात म्हणे काही डॉक्टर मोठ्या, नंतर बहिऱ्या झालेल्या माणसांच्या आतल्या शंखात बारीक तार घालून बघताहेत. बाहेर एक पेटी, ती तारेतून वीज पाठवते आणि माणसाला काहीतरी ऐकू येतं. शब्द नव्हेत, गलका.

"मग उमाला..."

"लहान मुलांना हे अजून कुणी करत नाही. आणि ज्या शंखाचे वेढेच पुरे नाहीत, त्यात तार जाईल कुठे, बसेल कुठे, हे आज कुणाला सांगता येणार नाही. ती मोठी होईल तेव्हा कदाचित येईल. त्यावर आशा लावून बसू नका. पण अगदी सोडूनही देऊ नका. तोवर तिला शाळेत घाला. तिच्या शाळेत."

"तिच्या" म्हणजे कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बाहेर व्हरांड्यात बुलादी भेटली. माझा राग कधीच गेला होता. तिने उमाच्या हनुवटीला हात लावून आपल्या ओठांना लावला. मी म्हटलं, "घरी सगळे म्हणतात, हातवारे करू देऊ नका, नाही तर बोलायला शिकणार नाही."

"आमच्या शाळेतही तोच नियम," ती म्हणाली. "हात बाकाखाली. आम्ही वळलो की सगळी मुलं बाकाखालून गप्पा मारतात, आणि मी मुद्दाम फळ्याकडे तोंड करून जरा जास्त वेळ लिहिते." मग तिने आवाज खाली आणला. "दीदी, हिच्याबद्दल सगळे बोलताहेत. तुम्ही, मी, डाक्तारबाबू. हिला कुणी सांगितलं का?"

घाट

निघायच्या दिवशी रस्ते इतके तुंबलेले होते की भाऊजी म्हणाले, बागबाजारच्या घाटावरून लाँचने हावड्याला जाऊ, स्टेशनासमोरच उतरवते. ताई निरोपाला घाटापर्यंत आली. "जूनचं काय ठरवलंस?" तिने विचारलं.

"मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत," मी म्हटलं. पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. आकाश काही कोसळलं नाही. घरी जाऊन सासूबाईंना सांगायचं होतं, तेव्हा मात्र ते कोसळणार होतं.

लाँच निघाली. धुकं पाण्यावर लोळत होतं. दोन्ही काठ पुसल्यासारखे. भाऊजी सामानापाशी बसले, उमा कठड्यालगतच्या बाकावर, मी तिच्यासमोर उभी. तिने माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या फोटोच्या मोठ्या पाकिटाकडे बोट दाखवलं आणि हात उलटा केला. म्हणजे, काय?

मी खाली वाकले. तिच्या कानाला हात लावला. मग मूठ मिटून दाखवली, आणि मान हलवली. बंद. दुसऱ्या कानाला हात लावला. बंद. मग तिच्यामागे कठड्यावर बसलेल्या कावळ्याकडे बोट दाखवलं, त्याच्यासारखा आ वासला, आणि माझ्या कानाकडून आत बोट नेलं. उघडा. येतं. कावळ्याकडून माझ्या कानात काहीतरी येतं, आणि तुझ्या कानात येत नाही. एवढं सांगायला मला किती वेळ लागला कोण जाणे, पण ती माझ्या तोंडावरून नजर न हलवता बघत राहिली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दुःख नव्हतं, आश्चर्य होतं.

तिला हे माहीतच नव्हतं. सहा वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं की बाकीच्यांना ऐकू येतं. तिला वाटत होतं, सगळेच असे. सगळेच एकमेकांची तोंडं बघून जगतात.

मग चौकशी सुरू झाली. तिने भाऊजींकडे बोट केलं आणि कानाला हात लावला. उघडा? मी मान डोलावली. फुलांची परडी घेऊन बसलेली म्हातारी? उघडा. सुकाणूवरचा माणूस? उघडा. कुणाच्या तरी दोरीला बांधलेली बकरी? तिचेसुद्धा? मी हो म्हटलं. बकरीकडे तिने फार वेळ पाहिलं. मग अगदी सावकाश तिने माझ्याकडे बोट केलं. मला खोटं बोलावंसं वाटलं. पण मी मान डोलावली.

तेवढ्यात धुक्यातून हावड्याचा पूल वर आला. आधी नुसती सावली, मग लोखंडाच्या त्या अवाढव्य कैच्या, वर ट्राम, बस, माणसांची रीघ. लाँच त्याच्याखाली शिरू लागली. उमाने मान मागे टाकून त्याला खालून वर पाहिलं, त्याच्याकडे बोट केलं आणि कानाला हात लावला.

मी मान हलवली. नाही. पुलाला नाही येत.

तिचे डोळे एकदम चमकले. तिने पुलाकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि हसली. पूल आणि ती. मग पाणी? नाही. लाँच? नाही. काठावरची देवळं, धुराडी, धुक्यातला तो फिकट सूर्य? नाही, नाही, नाही. प्रत्येक "नाही"ला ती छातीवर हात ठेवी आणि आपल्या बाजूला आणखी एक जोडून घेई. हावड्याचा धक्का दिसू लागला तोवर तिच्याकडे अख्खी नदी होती, आकाश होतं, एवढा मोठा पूल होता, आणि माझ्याकडे भाऊजी, ती म्हातारी, कावळा आणि बकरी.

तिने दोन्ही बाजू एकदा नीट पाहून घेतल्या. मग माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं लग्नामुंजीत, रस्त्यात, देवळात लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघत आले, अगदी त्याच नजरेने. बिचारी. आणि बाकावर थोडी सरकून तिने मला आपल्याशेजारी जागा करून दिली.